शाळेची पहिली घंटा आणि आपली मुले

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघायची म्हटली की तिच्यात शिक्षणावर एक लेख हवाच, असा आपल्याकडे रिवाजच पडून गेला आहे. अशा लेखांत शाळा किती निघाल्या, वसतिगृहे कुठे झाली, पदवीधर किती झाले याचा हिशेब असतो. तो असायलाच हवा. पण यंदा आम्ही एक छोटाच विषय हाती घेतला आहे. शाळेचा पहिला अर्धा तास. घंटा होते, पोरं रांगेत उभी राहतात, राष्ट्रगीत होते, प्रतिज्ञा होते, कुणी सुविचार सांगतो, कुणी बातम्या वाचतो, मग हजेरी. मोठ्या माणसांना वाटते, हा काय वेळ घालवण्याचा प्रकार, खरे शिक्षण तर त्यानंतर सुरू होते. आमचे मत वेगळे आहे. शाळा आपली आहे की परक्याची, हे मुलाला त्या अर्ध्या तासातच कळते. आणि आपल्या समाजाला तर हे पुस्तकातून शिकावे लागले नाही, ते अंगावरून गेलेले आहे.

थोडे मागे जाऊ. १८५६ साली धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून अर्ज केला. तेव्हा धारवाड मुंबई इलाख्यात होते. सरकारने प्रवेश नाकारला. एका मुलासाठी बाकीचा समाज दुखवायला सरकार तयार नव्हते, असा त्या नकाराचा अर्थ. प्रकरण वरपर्यंत गेले, कागदपत्रांची देवाणघेवाण झाली, आणि १८५८ साली मुंबई सरकारने जाहीर केले की, ज्या शाळा केवळ सरकारच्या खर्चाने चालतात त्या सर्व वर्गांना खुल्या राहतील. म्हणजे कागदावर दार उघडले. आता बेचाळीस वर्षे पुढे चला.

७ नोव्हेंबर १९००. साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका मुलाचे नाव दाखल झाले. भिवा रामजी आंबेडकर. शाळेच्या रजिस्टरात १९१४ या अनुक्रमांकासमोर ती नोंद आहे आणि शाळेने ती जपून ठेवली आहे. २०१७ पासून महाराष्ट्र शासनाने हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळायचे ठरवले. त्या दिवशी ठिकठिकाणी भाषणे होतात, निबंधस्पर्धा होतात. पण प्रवेशाच्या दुसऱ्या दिवसापासून त्या मुलाची सकाळ कशी होती, हे सांगणारा वक्ता क्वचितच भेटतो.

ते बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या छोट्या आत्मकथनात साताऱ्याच्या शाळेचे दिवस आले आहेत. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली पुस्तिकारूपाने छापले. त्यात ते सांगतात की वर्गात आपल्या क्रमांकाप्रमाणे बसण्याची त्यांना मुभा नव्हती. कोपऱ्यात वेगळे बसायचे. बसायला वेगळे गोणपाट. शाळा झाडायला जो नोकर होता तो त्या गोणपाटाला हात लावायचा नाही. म्हणून संध्याकाळी ते गोणपाट घरी न्यायचे आणि सकाळी पुन्हा घेऊन यायचे. तहान लागली तर इतर मुले मास्तरांना विचारून नळावर जात. याला मास्तरांची परवानगी पुरत नसे. शिपाई हजर हवा, त्याने नळ सोडायला हवा. शिपाई जागेवर नसला की त्या दिवशी पाणी नाही.

वाचकहो, हे आपण अनेकदा ऐकले आहे. इतक्यांदा ऐकले आहे की आता ते कानावरून निसटून जाते. म्हणून थोडे थांबून बघू या. नऊ-साडेनऊ वर्षांचा मुलगा घरातून निघतो तेव्हा त्याच्या हातात पाटीपुस्तकाबरोबर गोणपाट आहे. रस्त्याने जाणाऱ्याला ते दिसते. वर्गात शिरताना सगळ्या मुलांना दिसते. मास्तरांनी तोंडातून एक शब्द काढायची गरज नाही. जातीची हजेरी नावाच्या हजेरीच्या आधीच लागलेली असते. आणि हे वर्षातून एकदा नव्हे, रोज सकाळी. कुणी रागावून केलेले नाही, कुणी शिवी दिलेली नाही. शाळेचा तो रोजचा शिरस्ता होता, बस्स. शिरस्त्याचे बळ हे असे असते. कायद्याने शाळेचे दार उघडता येते, पण आत कुणी कुठे बसायचे ते रोजच्या वहिवाटीने ठरते, आणि १८५८ च्या जाहीरनाम्यात त्या वहिवाटीबद्दल अक्षर नव्हते.

वहिवाट मोडायची तर दुसरी वहिवाट घालावी लागते. हे ज्यांनी ओळखले त्यांत राजर्षी शाहू महाराजांचे नाव पहिल्याने घ्यावे लागेल. त्यांच्या कोल्हापुरात १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. पुढे १९१९ साली महाराजांनी संस्थानातल्या अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वांच्या शाळेत घालण्याचा हुकूम काढला. वेगळी शाळा म्हणजे सोय, असे त्या काळी पुष्कळांना वाटत होते. महाराजांना तसे वाटले नाही.

या मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमाला एक जैन विद्यार्थी गेला होता. परत आल्यावर त्याला आंघोळ करून मगच आत यायला सांगण्यात आले. त्याने ते ऐकले नाही आणि तो राहत होता ते वसतिगृह त्याला सोडावे लागले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. तो विद्यार्थी म्हणजे भाऊराव पायगोंडा पाटील, पुढचे कर्मवीर. त्यांच्याबद्दल आणखी एक हकिगत सांगितली जाते. एका शाळेत वर्गाबाहेर बसवलेला अस्पृश्य मुलगा त्यांनी पाहिला आणि त्याला थेट कोल्हापूरला नेऊन वसतिगृहात घातले. तो मुलगा ज्ञानदेव घोलप. हेच घोलप पुढे बाबासाहेबांच्या 'मूकनायक'चे संपादक झाले आणि मुंबई कायदेमंडळात सभासद म्हणून बसले. वर्गाबाहेरचा मुलगा कायदेमंडळाच्या आत! मधली वाट वसतिगृहातून गेली होती.

भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्याला हलवले. त्याच वर्षी साताऱ्यात त्यांनी सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. हेच ते सातारा. जिथे चोवीस वर्षांपूर्वी एक मुलगा काखेत गोणपाट घेऊन शाळेत जात होता, त्याच गावात आता मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी पोरं एका छपराखाली झोपू लागली, उठू लागली. पुढे हे वसतिगृह धनिणीच्या बागेत गेले. १९२७ च्या फेब्रुवारीत गांधीजी साताऱ्याला आले तेव्हा त्यांच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असे नामकरण झाले.

या बोर्डिंगाचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. आम्हाला त्यातली एकच गोष्ट इथे सांगायची आहे. तिथे सकाळची कामे करायला नोकर ठेवलेले नव्हते. झाडलोट मुलांनी करायची, पाणी मुलांनी भरायचे, भाकऱ्या मुलांनी थापायच्या, भांडी मुलांनी घासायची, आपले कपडे आपण धुवायचे. पैसा नव्हता हे त्याचे एक कारण. मुष्टिफंड म्हणून घरोघरी बायका दळणातून मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत, त्यावर बोर्डिंगचे कोठार चाले. पण पैसा असता तरी भाऊरावांनी आचारी ठेवला असता असे आम्हाला वाटत नाही. कारण स्वावलंबन हे त्यांच्या संस्थेचे ब्रीद, आणि त्या एका गोष्टीतून दुसरी मोठी गोष्ट आपोआप साधत होती.

ती अशी. कामे वाटून घ्यायची म्हटली की ज्याने काल केर काढला तो आज चुलीपाशी असणार. ज्याच्या हातचे पाणी गावी कुणी पीत नाही त्याने भरलेल्या पाण्यात आज सगळ्यांची डाळ शिजणार. पाटलाच्या पोराच्या हातात खराटा येणार आणि महाराच्या पोराच्या हातात भाकरीची परात. समतेवर व्याख्यान न देता हे होत होते, आणि सकाळी पोटात भूक असताना होत होते. भुकेल्या पोराला भाकरी कुणी थापली हे विचारायला सवड कुठली? आरंभी गावाकडच्या आईबापांना हे रुचले नाही. कुणाच्या पोराने कुणाबरोबर जेवावे यावरून त्या काळी घरे फुटत असत. तरी बोर्डिंग टिकले, वाढले, आणि त्याच्या शाखा निघाल्या.

इथे लक्ष्मीबाई पाटलांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. भाऊरावांच्या या पत्नी सोवळ्याओवळ्याच्या, कडक आचाराच्या घरातल्या. या सगळ्या जातींच्या पोरांची त्या आई झाल्या. कोठारात दाणे संपले तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या वारल्या. सोने दिले हे पुढच्या पिढ्यांनी लक्षात ठेवले. त्याआधी त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरातले सोवळे सोडले होते. आमच्या मते ते देणे सोन्याहून जड होते.

आता कुणी म्हणेल, झाडू मारण्यात काय मोठे? आपल्या लोकांनी तर पिढ्यान् पिढ्या झाडूच मारला. प्रश्न बरोबर आहे, आणि तो टाळून हा लेख पुढे जाऊ शकत नाही. उर्मिला पवारांनी 'आयदान' या आत्मकथनात रत्नागिरीकडच्या आपल्या शाळेची एक आठवण लिहिली आहे. शाळेच्या आवारात पडलेले शेण गोळा करायला मास्तरांनी त्यांनाच सांगितले. त्यांनी ते केले नाही तेव्हा गालावर थप्पड बसली. त्यांची आई बांबूच्या टोपल्या विणून संसार चालवणारी. तिने पोरीचा सुजलेला गाल बघितला आणि मास्तरांना भर रस्त्यात जाब विचारला. दुसरी आठवण हिंदीतली. ओमप्रकाश वाल्मीकि यांचे 'जूठन' १९९७ साली आले. उत्तर प्रदेशातल्या त्यांच्या गावच्या शाळेत मुख्याध्यापकाने या लहान मुलाला वर्गाऐवजी पटांगण झाडायला लावले. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. तिसऱ्या दिवशी वडील जवळून चालले होते, त्यांनी लेकाच्या हातातला झाडू हिसकून दूर फेकला.

साताऱ्याच्या बोर्डिंगातला खराटा आणि हा झाडू दिसायला एकच. फरक एवढाच की साताऱ्यात तो फिरत होता आणि इथे तो एकाच मुलापाशी थांबला होता. काम जातीवरून ठरले की शाळेचे पटांगण आणि गावचे पांढरीचे काम यांत अंतर राहत नाही. काम पाळीपाळीने आले की तेच काम मुलांना एकमेकांशी बांधते. आमच्या सगळ्या लेखाचे म्हणणे याच्यात आले असे समजा.

या संदर्भात गांधीजींच्या नई तालीमचा उल्लेख करावा लागतो. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत ती योजना मांडली गेली आणि सेवाग्रामच्या शाळेत शिक्षक-विद्यार्थी मिळून सकाळी सफाई करू लागले. शिक्षकानेही हातात झाडू घेतला ही गोष्ट चांगलीच होती. परंतु गांधीजी भंगीकामाला पवित्र सेवा म्हणून गौरवत, आणि त्याला बाबासाहेबांचा कडवा विरोध होता. काम कितीही पवित्र म्हणा, ते जन्माने चिकटलेले असेल तर तो गौरव म्हणजे बेडीला सोन्याचा मुलामा, अशी आपली सर्वांचीच भावना आहे. सेवाग्रामचे मूल्य सफाईत नव्हते, ती सगळ्यांनी मिळून करण्यात होते. इतके बाजूला काढून घेतले की आपल्याला पुरे.

अमळनेरचे उदाहरण वेगळ्या तऱ्हेचे आहे. १९२४ साली, म्हणजे साताऱ्याचे बोर्डिंग निघाले त्याच वर्षी, साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि पुढे तिथल्या छात्रालयाचे काम त्यांच्याकडे आले. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त असत. गुरुजी रागावत नसत, मुले बाहेर गेली की स्वतः जाऊन अंथरुणे आवरून ठेवीत, कपडे धुऊन टाकीत. मुलांना लाज वाटू लागली आणि ती आपणहून आवरू लागली. याशिवाय ते 'छात्रालय दैनिक' काढीत. रोज हाताने लिहिलेले. त्यात जगाच्या बातम्या, थोरांच्या गोष्टी आणि छात्रालयातल्याच पोरांचे बरेवाईट. शाळेतल्या फळ्यावरचे आजचे सुविचार आणि बातम्या या दैनिकाचीच धाकटी भावंडे म्हणायला हरकत नाही. फक्त तिथे रोज नवे लिहिले जाई. काही शाळांतला सुविचार मात्र आठ-आठ दिवस पुसला जात नाही, हेही खरे.

आणि लहान मुलांचे काय? १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या. तेव्हाचा ठाणे जिल्हा, २०१४ पासून पालघर. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. तिथे हरिजनवाड्यात बालवाडी सुरू करताना त्यांना कळले की मुले शाळेपर्यंत येणारच नाहीत. आईबाप पहाटे कामाला जातात, मोठी पोर धाकट्याला कडेवर घेऊन बसते. मग शाळाच अंगणात न्यायची असे ठरले, आणि अंगणवाडी हा शब्द इथूनच महाराष्ट्रभर गेला. त्या शाळेची सकाळ धड्याने सुरू होत नसे. पोरांना गोळा करायचे, आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे, मग गाणी. १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत त्यांनी हेच काम पुढे नेले. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरवली. ज्या मुलांना शिवायला गाव तयार नव्हता, त्यांच्या डोक्यावरून बाईंचा हात फिरला. ही शाळेची सकाळ होती आणि हाच पहिला धडा होता. शाळा मुलाला हात लावते की नाही, हा प्रश्न आपल्या समाजात लाक्षणिक अर्थाचा नाही.

बाबासाहेबांनी स्वतः शिक्षणसंस्था काढल्या तेव्हा त्यांच्या मनात त्या गोणपाटाचा विसर पडला असेल असे कोण म्हणेल? बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ ची. तिचे पहिले ठोस काम म्हणजे जानेवारी १९२५ मध्ये सोलापुरात काढलेले वसतिगृह. सभेच्या आश्रयाने विद्यार्थ्यांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक चालवले. म्हणजे राहणे-जेवणे आणि लिहिणे-बोलणे दोन्ही एकदमच सुरू झाले. पुढे १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज. या कॉलेजात विद्यार्थ्यांची पार्लमेंट भरत असे. सरकार पक्ष, विरोधी पक्ष, सभापती, सगळी विद्यार्थीच. आणि १९५० च्या जानेवारीत, देशाचे कायदेमंत्री असताना, बाबासाहेब त्या पार्लमेंटपुढे हिंदू कोड बिलावर बोलले. दिल्लीत ज्या विधेयकावरून वादळ उठले होते ते विधेयक घेऊन कायदेमंत्री पोरांच्या सभागृहात उभे राहिले! नळाला हात लावायची ज्याला मुभा नव्हती त्याने विद्यार्थ्यांना सभागृहात बोलायची सवय लावली.

आता आपल्या मुलांच्या शाळेकडे वळू. परिपाठात जी प्रतिज्ञा म्हणतात ती मुळात तेलुगूत लिहिली गेली. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव हे विशाखापट्टणमला सरकारी कोषागारात अधिकारी होते, त्यांनी ती १९६२ साली लिहिली, आणि २६ जानेवारी १९६५ पासून ती देशभरच्या शाळांत सुरू झाली. बालभारतीच्या पुस्तकांत ती पहिल्या पानांवरच छापलेली असते. २०२० च्या प्रजासत्ताक दिनापासून महाराष्ट्रातल्या शाळांत संविधानाचा सरनामाही परिपाठात वाचायला सांगण्यात आले. सगळे भारतीय बांधव आहेत आणि दर्जाची व संधीची समानता आहे, हे आपली पोरं रोज सकाळी मोठ्याने म्हणतात. फार चांगले. म्हणताना रांगेत कोण कुठे उभे आहे, आणि पुढे उभे राहून सांगतो कोण, तेवढे मात्र बघायला हवे.

कारण पुढे उभा राहणारा मुलगा बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो. ज्याचे बोलणे 'शुद्ध' तो. आपल्या घरातली पोर 'पानी' म्हणते, 'लोनी' म्हणते. तिला पुढे बोलावले आणि ती 'पानी' म्हणाली की रांगेतून हसण्याची लकेर उठते. एकदा हसले की ती पोर पुन्हा वर्षभर हात वर करत नाही. मग बाईंना वाटते, हिला आवडच नाही. ही आमच्या वस्तीतल्या कितीतरी घरांतली कथा आहे. यावर उपाय अवघड नाही, कित्येक शिक्षकांनी तो केलेला आहे: हजेरीच्या क्रमांकाने पाळी लावायची. आज एक ते पाच, उद्या सहा ते दहा. सुविचार, दिनविशेष, बातम्या, गोष्ट, घंटा वाजवणे, सगळे त्यात आले. 'पानी' म्हणणारीचीही पाळी येते आणि 'पाणी' म्हणणाऱ्याचीही. महिन्याभरात हसणे आपोआप विरते, कारण हसणाऱ्यालाही उद्या पुढे जायचे असते. १८५५ साली 'ज्ञानोदय' पाक्षिकात मुक्ता साळवे या मांग समाजातल्या, फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुलीचा निबंध छापून आला होता. तिच्या भाषेचे शुद्धलेखन आधी तपासा मग बोलू द्या, असे जोतीराव म्हणाले असते तर?

दुसरी गोष्ट रांगेतल्या पुकाऱ्याची. 'शिष्यवृत्तीवाले उभे राहा', 'जातीचा दाखला कुणी आणला नाही?' असे सर्वांसमोर विचारले जाणे आपल्यातल्या दोन पिढ्यांनी अनुभवले आहे. विचारणाऱ्याच्या मनात वाईट असेलच असे नाही, त्याला कार्यालयाचा तक्ता भरायचा असतो. पण मुलाच्या हातात ते नकळत पुन्हा गोणपाट देणेच आहे. नावांची यादी कार्यालयातून पालकांना कळवता येते, किंवा मुलाला एकट्याला बोलावून सांगता येते. इतके साधे आहे.

जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकेच्या अनेक शाळांत आता शालेय मंत्रिमंडळ असते. मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, स्वच्छतामंत्री, पाणीपुरवठामंत्री. मुलेच मतदान करतात, चिठ्ठ्या मोजतात. सकाळी स्वच्छतामंत्री नखे तपासतो, पाणीमंत्री टाकी भरली का ते पाहतो. आम्हाला हे पद, म्हणजे पाणीमंत्र्याचे, सगळ्यांत मोठे वाटते. मात्र खाती वाटताना गंमत होते. मुख्यमंत्री सधन घरचा, स्वच्छतामंत्री आपल्या वस्तीचा, हे दोनतीन वर्षे सारखे होत राहिले तर पालकांनी मुकाट्याने पाहत बसू नये. आणि भांडायलाही जाऊ नये. पालकसभेत शांतपणे विचारावे, खाती दर सहा महिन्यांनी बदलता येतील का? बदलणारे मुख्याध्यापक पुष्कळ आहेत. त्यांना कुणी विचारलेले नसते, इतकेच.

विहारातल्या आपल्या रविवारच्या बालवर्गालाही हा नियम लागू करायला हवा. सतरंजी अंथरणे, मेणबत्ती लावणे, पुढे बसून वंदना सांगणे, शेवटी चपला नीट लावणे, ही सगळी कामे एका वहीत तारीखवार लिहून ठेवली तर दोन-चार चुणचुणीत मुलांवरच सगळे पडत नाही. मुलींकडे रांगोळी आणि मुलांकडे माईक, ही वाटणीही त्या वहीतून जाईल.

एक विनंती करून थांबतो. आपल्या वस्तीत असे कित्येक आजी-आजोबा आहेत जे त्यांच्या घरातले शाळेत गेलेले पहिलेच. शाळेत त्यांना कुठे बसवत, पाणी कुठून पीत, पहिल्यांदा रांगेपुढे उभे राहून काय म्हटले, मास्तरांनी पाटी हातात घेतली की लांबूनच बघितली, हे त्यांच्याकडून नातवंडांनी ऐकून वहीत उतरवून घ्यावे. शब्द जसे बोलले जातील तसेच लिहावेत, सुधारू नयेत. 'पानी' म्हटले तर 'पानी'च. वह्या विहाराच्या कपाटात इतर पुस्तकांच्या शेजारी ठेवू.